बर्फाचा कप्पा

सकाळी साडेनऊला पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब काडीनं कालवून मी टाइल डावी-उजवी हलवत होतो, आणि तिन्ही जागी गुठळी धरेना तसं मला बरं वाटायला लागलं. वाटलं ते लपवत नाही. ओ निगेटिव्ह. शंभर माणसं तपासावीत तेव्हा असा एखाददुसरा निघतो, आणि अख्ख्या उस्मानाबादेत माझ्या माहितीत असा एकच माणूस होता, तो म्हणजे मी. त्यामुळं काचेवर नुसता खाटेचा नंबर, सात, एवढंच लिहिलेल्या त्या अनोळखी माणसाबद्दल मला उगीच आपलेपणा वाटला. चला, भाऊबंद भेटला एक, असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा, आणि फरशी पुसणाऱ्या इरम्मानं वर पाहिलं. मग तिला आठवलं. डॉक्टरांची चिठ्ठी रक्ताबरोबरच द्यायची ती विसरली होती, ती तिनं पदराच्या गाठीतून सोडवून दिली. उत्तरेश्वर महारुद्र बोराडे, वय बावन्न, राहणार परंडा. पोटातल्या व्रणातून रक्त जातंय, दोन मोठ्या उलट्या झाल्यात, सलाइन चालू आहे, गट पाहून दुपारी दोनला एक बाटली जुळवून तयार ठेवा. टाइल माझ्या डाव्या हातात होती आणि वाकडी झाल्यामुळं त्याचं रक्त हळूहळू माझ्या अंगठ्याकडं येत होतं. इरम्मानं विचारलं, काय झालं हो मुनवरभाई. मी म्हणालो, काही नाही, पाणी आण.

गुरुसिद्धप्पा डॉक्टरांचा दवाखाना बारा खाटांचा, आणि त्याच्या शेवटच्या खोलीत मी सात वर्षं बसतोय. एक मायक्रोस्कोप, एक स्टुल, आणि एक फ्रिज. हा फ्रिज रॉकेलवर चालतो. खाली टाकी, टाकीत वात, वातीला निळी ज्योत, आणि त्या ज्योतीच्या जोरावर वर गारठा. खाली आग नि वर बर्फ, हे इरम्माला अजून पटलेलं नाही, ती रोज सकाळी त्याच्या दाराला हात लावून कपाळाला लावते. आत मधल्या फळीवर रक्ताच्या बाटल्या, आणि सगळ्यात वर पत्र्याचा एक चिमुकला कप्पा, बर्फाचा. रक्त मधल्या फळीवर एकवीस दिवस टिकतं. वर बर्फात ठेवलं तर एक दिवसही टिकत नाही. हे लोकांना उलटं वाटतं. पहिल्या वर्षी इरम्मानं मायेनं दोन बाटल्या वर सरकवून ठेवल्या होत्या, उन्हाळा आहे, जास्त गार राहील, जास्त दिवस जाईल, म्हणून. मी तिला असा बोललो होतो की ती दोन दिवस कामावर आली नाही. त्या दिवशी, म्हणजे या सकाळी, मधल्या फळीवर तीन बाटल्या होत्या. दोन बी पॉझिटिव्ह. तिसरी माझी. नऊ दिवसांपूर्वी येडशीच्या एका बाळंतिणीसाठी मी दिली होती, ती बाई रक्त न लागताच मोकळी झाली आणि बाटली राहिली. बाटलीच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात माझंच नाव होतं. बारा वर्षं मी या माणसाची वाट बघत होतो आणि तो यायच्या आधी नऊ दिवस मी त्याच्यासाठी बाटली भरून ठेवली होती.

डॉक्टरांना वाचायचं वेड. विलायतेहून त्यांच्याकडं एक मासिक येतं, दोन-दोन महिने उशिरा, आणि रविवारी त्यातलं काहीतरी ते मला समजावून सांगतात, मला कळो न कळो. तीनेक वर्षांपूर्वी त्यांनी सांगितलं, तिकडं माणसाच्या हाडातला मगज काढून गोठवून ठेवतायत. आपलं सगळं रक्त त्या मगजात तयार होतं. तिथल्या मूळ पेशी नुसत्या पाण्यात गोठवल्या तर बर्फाच्या सुया त्यांना फोडून टाकतात, पण ग्लिसरिन घालून सावकाश गोठवल्या तर त्या मरत नाहीत, झोपतात. महिन्यांनी वितळवून माणसाच्या शिरेत सोडल्या की आपल्या आपण हाडात जाऊन बसतात आणि पुन्हा रक्त करायला लागतात. डॉक्टरांचे डोळे चमकत होते. दुसऱ्याच रविवारी त्यांनी मला खाटकाकडं पाठवलं आणि आम्ही दोघं शहाणे बोकडाच्या नळ्या फोडून मगज काढत बसलो, अर्धा ग्लिसरिनमध्ये, अर्धा नुसता, आणि काचेच्या त्या दोन्ही नळ्या बर्फाच्या कप्प्यात. कार्बनी बर्फ लागतो तिकडं, साध्या बर्फाहून कितीतरी गार, हा कप्पा कसला त्याला पुरा पडतोय. आठ दिवसांनी दोन्ही मेलं होतं. डॉक्टर खट्टू झाले, पण मी त्या वेळी बाजूला थोडं रक्तही गोठवलं होतं, ते वितळवून मायक्रोस्कोपखाली धरलं. एक पेशी शाबूत नव्हती. नुसतं लाल पाणी. दिसायला रक्तासारखंच, बाटलीत हलवून धरलं तर डॉक्टरही फसतील असं. हे शिरेत गेलं तर काय होईल, असं मी विचारलं. कंबर धरेल, लघवी काळी होईल, मग बंद होईल, चार-आठ दिवसांत माणूस जाईल, असं डॉक्टर म्हणाले, आणि हात धुवायला गेले. मला हे कधी लागेल असं तेव्हा मनातसुद्धा नव्हतं, असं मी म्हणू शकलो असतो. पण खरं सांगायचं तर त्या वेळीही मला एकच तोंड आठवलं होतं.

मी इरम्माला औषधाच्या दुकानात काहीतरी आणायला पिटाळलं. कप्प्यातला बर्फाचा साचा काढला, मोरीत उपडा केला. बाटली आत उभी मावत नाही, आडवी घालावी लागते. आडवी घातली, चिठ्ठी खाली केली, पत्र्याचं झाकण लावलं. बऱ्याच दिवसांनी हात इतका स्थिर होता. दहा वाजले होते. दोनपर्यंत चार तास. तेवढ्यात अख्खी बाटली गोठणार नाही हे मला माहीत होतं, पण काठाला सुया धरल्या तरी पुरे, तेवढी बाटली गेलीच. मग दोनला मी काय करणार होतो, ती वितळवून देणार होतो की बाटली खराब झाली, दुसरी नाही, असं म्हणून हात वर करणार होतो, हे मी स्वतःला विचारलं नाही. दोन्हीत तो मरणार होता. पहिल्यात मी मारणार होतो, दुसऱ्यात नुसता नाही म्हणणार होतो, जसा तो म्हणाला होता. नाही म्हणण्याला कुठलं कोर्ट शिक्षा देतं. हे मला बारा वर्षं कुरतडत आलंय की त्यानं काही केलंच नव्हतं. शिवी दिली असती, ढकललं असतं, दारातून हाकललं असतं तर माझ्या रागाला हात-पाय आले असते. पण तो बिचारा गोड बोलला होता.

एक्कावन्न सालची दिवाळी पुढं आठ दिवसांवर होती. सायराआपा, माझी थोरली बहीण, जळकोटहून बाळंतपणाला माहेरी परंड्याला आली होती. पहाटे पोरगी झाली, रडली, सगळं नीट होतं, मग दिवस वर आला तरी आपाचं रक्त थांबेना. सुईण म्हणाली, बार्शीला न्या, आत्ताच्या आत्ता. बार्शी सहा-सात कोस, आणि मध्ये नाका, कारण आम्ही तेव्हा हैदराबाद स्टेटात आणि बार्शी मुंबई इलाख्यात. गावात चाकाला पेट्रोल लागणारी एकच वस्तू होती, उत्तरेश्वर बोराडेची लॉरी. मी पळत गेलो. एकोणीस वर्षांचा होतो. लॉरी त्याच्या वाड्यासमोर उभी होती, भुईमुगाच्या पोत्यांनी भरलेली, कुर्डुवाडीला वॅगन लागलेली. तो ओट्यावर बसून उकडलेल्या शेंगा खात होता. मी सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, च्‌ च्‌ केलं, आणि म्हणाला, पोती उतरवायला दोन तास जातील मुनवर, तेवढ्यात तू बैलगाडीनं निम्म्या वाटेवर जाशील, जा, गाडी जुंप, वेळ घालवू नको. आणि मी वळताना म्हणाला, घे, शेंगा घे. पुढं केलेली मूठ. आणि मी घेतल्या. अल्लाकसम, घेतल्या. मोठ्या माणसानं काही दिलं तर दोन्ही हात पुढं करायचे, ही आमची पिंजाऱ्यांची सवय. अब्बांनी घरोघर गाद्या भरताना तीच शिकवली होती. घरी येऊन बैल जुंपले, आपाला गवतावर गोधडी घालून निजवलं, अब्बा पोरगीला घेऊन तिच्या उशाशी बसले, मी कासरा धरला, आणि नाक्यावर शिपायानं धान्य लपवलंय का बघायला गोधडी उचलायला लावली तेव्हा माझ्या लक्षात आलं, उजवी मूठ अजून मिटलेलीच आहे आणि तिच्यात शेंगा आहेत. आपा आधी म्हणत होती, मुन्नू, हल्लू हाँक. नाक्यानंतर म्हणायला लागली, मुन्नू, जल्दी हाँक. नंतर काही म्हणाली नाही. बार्शी चार कोसांवर राहिली होती.

मी पोती उतरवा म्हणालोच नव्हतो, हे मला गाडीत सुचलं. पुढं ड्रायव्हरशेजारी जागा असते. तिथं आपाला बसवता आलं असतं, मांडीवर घेऊन मी बसलो असतो, कुर्डुवाडीला रेल्वेचा डॉक्टर होता. एवढं साधं. मला सुचलं नाही आणि त्याला सुचलं असेल तरी तो बोलला नाही, त्या जागेवर त्याला स्वतःला बसायचं होतं. त्या जागेचा विचार मी किती वेळा केला याला गणती नाही. आपाला आम्ही वाटेतल्याच एका गावच्या कब्रस्तानात माती दिली आणि अब्बा परत परंड्याला गेलेच नाहीत. आधी जळकोट, मग इथं. त्या दिवसांत एखादं पिंजाऱ्याचं घर उठून गेलं तर का गेलं असं कुणी विचारत नव्हतं. मी हैदराबादला जाऊन रक्ताचंच काम शिकलो. लोक म्हणाले, पोरगं हुशार आहे. हुशार कसलं डोंबलाचं. रक्त किती गेलं की माणूस जातो, हे मला मोजून बघायचं होतं. माझी बायको शरिफा म्हणते, तुमच्यात एक जागा अशी आहे की तिथं ऊन जात नाही. ती बरोबर बोलते. अब्बा गेले, परंड्याची वाट बुजली, आपाचा चेहरासुद्धा आता मला नीट आठवत नाही, पण त्या ओट्यावरचा तो माणूस, त्याच्या मिशीला चिकटलेलं टरफल, ते सगळं जसंच्या तसं. माझ्यात ग्लिसरिन कुणी घातलं होतं कुणास ठाऊक. बारा वर्षांत एक पेशी फुटली नाही.

पावणेबाराला मला उठावं लागलं. गटाला बोटातलं थेंबभर रक्त पुरतं, पण जुळणीला दंडातलं पाच सीसी लागतं, आणि ते मीच काढतो. मी इरम्माला पाठवू शकलो नसतो, डॉक्टरांना नवल वाटलं असतं. आणि मला बघायचंही होतं. बारा वर्षांत मी त्याला मनात इतक्या तऱ्हांनी मारलं होतं की खरा कसा दिसतो हे बघायचा माझा हक्क होता असं मला वाटत होतं. खाटेवर एक पिवळा पडलेला म्हातारा होता. बावन्न म्हणे. मिशी पिकलेली, ओठाच्या कडेला सुकलेलं रक्त, तेही त्याला कुणी पुसून दिलं नव्हतं. शेजारी बायको, विठाबाई, वर्तमानपत्राच्या घडीनं वारा घालत होती. मी दंडाला रबर बांधलं. शीर सापडेना. त्यानं डोळे उघडले आणि माणसं दवाखान्यात विचारतात तसं विचारलं, कुठलं गाव साहेब तुमचं. मी म्हणालो, परंडा. परंड्यात कुणाचे, असं त्यानं विचारलं, आणि मी बापाचं नाव सांगितलं, का सांगितलं मला माहीत नाही. तो थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग त्याच्या तोंडावर जे आलं त्याला मी तयार नव्हतो. त्याला आनंद झाला होता.

“मुनवर,” तो म्हणाला. “तू मुनवर न्हवं का? आगं, ह्यो लालमहंमदभाईचा. माज्या लग्नातल्या गाद्या ह्यांच्या बापानं भरल्या हुत्या. अजून हायती बग. येक गोळा झाला न्हाय.”

विठाबाई हसली, म्हणाली, तीच गादी जीपमधी टाकून आणलंय ह्यान्ला. तिनं बोटानं दाखवलं. खाटेखाली गुंडाळलेली गादी होती, खादीच्या निळ्या खोळीची. अब्बांचा टाका मी लांबून ओळखतो, कोपऱ्याला दोनदा फिरवून घेतलेला. मी सुई लावली. शीर सापडली आणि काळसर रक्त सिरिंजमध्ये यायला लागलं. तो हाताकडं बघत नव्हता, आढ्याकडं बघत काहीतरी आठवत होता.

“तुजी भन,” तो म्हणाला, “सायरा. बाळंतपणात आडली हुती बग, तू आलतास सांगाया. बरी हाय न्हवं ती?”

“आता चार लेकरांची आय झाली आसंल,” विठाबाई म्हणाली.

मी सुई काढली, कापूस दाबला, आणि हात दुमडून धरा एवढंच सांगून बाहेर आलो. व्हरांड्यात उन्हात उभा राहिलो. सिरिंज हातात गरम लागत होती. बारा वर्षं मी एका गुन्हेगाराला घेऊन झोपलो-उठलो होतो, आणि त्या गुन्हेगाराला आपण काही केलंय हेच माहीत नव्हतं. माझा सगळा राग त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता, पत्ता चुकलेल्या पत्रासारखा तो माझ्याच खिशात होता. त्याच्या हिशेबी सायरा बरी होती. परंड्याहून लांब कुठंतरी ती बसलीये, पोरांना वाढतेय, कधी तरी ओट्यावरच्या अण्णांची आठवण काढतेय. बारा वर्षं तो निवांत झोपला होता, त्याच गादीवर. आणि आता मी बाटली गोठवून त्याला मारणार होतो. म्हणजे तो मेला असता ते सायरा बरी आहे असं समजून मेला असता. वरून लोक म्हणाले असते, चांगला माणूस गेला. हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा मी व्हरांड्यातून पळत सुटलो. कंपाउंडर बब्रुवान समोरून औषधाचा ट्रे घेऊन येत होता, त्याला धक्का लागला, तो काहीतरी ओरडला. आजवर मी कुणाला वाचवायला असा पळालो नव्हतो. एकदा पळालो होतो, त्याच्या दाराकडं.

कप्प्याचं झाकण पत्र्याला चिकटलं होतं, ओढून काढलं. बाटली उजेडाकडं धरून सावकाश तिरकी केली. वरवर सगळं ठीक होतं, लाल, जड, हलणारं. मग काचेला लागून मला त्या दिसल्या, बारीक, आडव्या-तिडव्या, तांबूस काड्या. दहा-बाराच असतील. मी तळहातानं काच पुसली, वाटलं, बाहेरचं दंव असेल. आतलंच होतं. फेकू नये, टेबलावर ठेवून बघावं, काय सांगावं, असं एकदा मनात आलं, कारण आता मला ती बाटली पाहिजे होती, आणि जी गोष्ट पाहिजे असते तिच्यातल्या सुया दिसत नाहीत. पण मी ते लाल पाणी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मोरीत बाटली उपडी केली. माझंच रक्त, नऊ दिवसांचं, नळाखाली गेलं. ते जाताना मला जराही वाईट वाटलं नाही, फक्त मला घाई होती.

डॉक्टर आले तेव्हा मी सांगितलं, ओ निगेटिव्हची बाटली बर्फात राहिली, गेली. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही, सरळ इरम्माकडं वळले. इरम्मा, परत तेच, असं ते इतक्या थकलेल्या आवाजात म्हणाले की ती म्हातारी न केलेल्या चुकीसाठीसुद्धा मान खाली घालून उभी राहिली. तिला खरंच वाटलं असावं की आपणच ठेवली. एक क्षण मला ते चालून गेलं असतं. पण मग माझ्यात आणि शेंगा पुढं करणाऱ्यात काही फरक उरला नसता. मी म्हणालो, तिनं नाही, मी ठेवली. डॉक्टरांनी चष्मा काढला. ते नुसते वाचनवेडे नाहीत, माणूस ओळखतात. चुकून, असं त्यांनी विचारलं. बाहेर सातव्या खाटेवर पुन्हा उलटी झाल्याचं बब्रुवान सांगत आला. मी बाही वर केली आणि म्हणालो, माझं काढा. नऊच दिवस झालेत, तीन महिन्यांच्या आत काढत नाही आपण, असं ते म्हणाले. मी म्हणालो, डॉक्टर, मला हा माणूस जिवंत पाहिजे. त्यांना ते दयेचं वाक्य वाटलं असेल. त्यांनी मला टेबलावर निजवलं, सुई घातली, आणि रक्त नीट यावं म्हणून रक्त देणाऱ्याच्या मुठीत देतो तो बँडेजचा गुंडाळा माझ्या उजव्या मुठीत दिला. दाब, सोड, दाब, सोड. दुसऱ्यांना हे मी रोज सांगतो. निम्मी बाटली झाली तेव्हा डोळ्यांपुढं काजवे यायला लागले आणि मला बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकू आला. पण मूठ मी थांबवली नाही.

उठल्याबरोबर जुळणी मीच केली. इरम्मानं मला गुळाचा खडा आणि पाणी दिलं, आणि देताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझं रक्त आणि त्याचं रक्त अर्धा तास एकमेकांत ठेवून बघितलं. एक गुठळी नाही. मायक्रोस्कोपखाली पेशी शेजारी-शेजारी, सगळ्या सारख्या, कुणाचं कुठलं सांगता येईना. मला त्याची किळस आली. तीनला बाटली टांगली. मिनिटाला चाळीस थेंब, असं सांगून डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडं गेले, विठाबाई तोंड धुवायला गेली, आणि मी स्टुल ओढून त्याच्या उशाला बसलो. उजवा हात सलाइनसाठी आधीच बांधलेला होता, डाव्यात माझं जात होतं. त्याच्या ओठांना रंग यायची मी वाट बघितली. घाई नव्हती. बारा वर्षं घोकलेलं एक लांबलचक भाषण माझ्याकडं होतं, त्यात नाका होता, लॉरीतली जागा होती, गोधडी होती. थोड्या वेळानं त्यानं बाटलीकडं पाहिलं आणि कुणाचं रं हे, असं विचारलं. मी म्हणालो, माझं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लई उपकार झालं, असं म्हणून तो बांधलेले हात जोडायला लागला, आणि मी त्याचं मनगट खाली दाबलं. मग ते भाषण आलंच नाही.

“सायराआपा त्याच दिवशी गेली, अण्णा,” मी म्हणालो. “गाडीत. बार्शी चार कोस राहिली हुती.”

त्याला कळायला वेळ लागला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो, एकही गोष्ट निसटू नये म्हणून वाकून बघत होतो. आधी काहीच झालं नाही. मग खालचा ओठ सुटा झाला. तो इतका वेळ आढ्याकडं बघत राहिला की मला भीती वाटली, हा मरतोय की काय, आणि मी थेंब मोजले. चाळीस. पोरगं, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, पोरगी, जगली, जळकोटला बापाकडं असते, बारावं लागलंय. मला कुनी सांगितलं न्हाय, असं तो म्हणाला. मी म्हणालो, न्हाय. मग तो माझ्याकडं वळला, आणि त्याचा आवाज अगदी हळू होता, त्यात भांडण नव्हतं, तो खरोखर विचारत होता.

“तू परत का न्हाय आलास? येकदाच इचारलंस. म्या शेंगा दिल्या, त्या घेतल्यास, आन् गेलास. म्या म्हनलं, शेंगा घेतोय म्हंजे लई काय नसंल.”

म्हणजे शेंगा त्यालाही आठवत होत्या. हा प्रश्न मला कुणी विचारू नये म्हणून मी बारा वर्षं त्याला मारत आलो होतो, आणि तो त्यानंच विचारला. वॉर्डात दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं आणि त्यात खाटेखालच्या गादीचा निळा कोपरा दिसत होता. मग त्याचा उजवा हात बांधलेल्या पट्टीतून सुटायला धडपडू लागला, सलाइनची बाटली हिंदकळली, आणि ती बोटं डाव्या दंडाकडं, सुईकडं सरकली. काढ, तो म्हणाला. मला नगं ह्ये, काढ. मी उठलो, एका हातानं त्याचं मनगट आणि दुसऱ्यानं दंड खाटेला दाबून धरला. अंगात रक्त कमी असल्यानं मला घेरी येत होती, तरी माझा जोर त्याच्यापेक्षा जास्त होता. तो रडत होता, मोठी माणसं रडतात तसा, तोंड उघडं ठेवून, आवाज न करता.

“पाया पडतो मुनवर, काढ ती सुई.”

“न्हाय अण्णा,” मी म्हणालो. “अजून अर्धी बाटली हाय.”